कोरड्या घराण्यातलं गाव

पाऊस मोजायचा पेला चिरंजीवांच्या हातून फुटला, तो पावसामुळे नव्हे, चहामुळे.

चिरंजीव तेव्हा सतरा वर्षांचे होते, म्हणजे अक्कल सोडून बाकी सगळं वाढलेलं होतं. बाबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी बारा दिवस इस्पितळात. जाताना त्यांनी घराच्या किल्ल्या बायकोच्या हातात दिल्या आणि हवामान केंद्राच्या मुलाच्या. बायकोला सूचना एकच, "गॅस बंद करत जा." मुलाला मात्र अडीच पानांचं पत्रक. सकाळी साडेआठला कुंपणाच्या आत जायचं. झडपांच्या पांढऱ्या पेटीतली तापमापकं वाचायची. मग पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचं, खालच्या बाटलीत साठलेलं पाणी काचेच्या उंच पेल्यात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसला तर शून्य लिहायचं, जागा रिकामी सोडायची नाही. "शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं," बाबांनी स्ट्रेचरवरून मान उचलून सांगितलं होतं, "रिकामं म्हणजे बघितलंच नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

चिरंजीवांनी नऊ दिवस इमानदारीने शून्यं लिहिली. दहाव्या दिवशी आई चहा घेऊन कुंपणापाशी आली आणि तिने सहज विचारलं, "आज किती पडला?"

"पाऊस नाही. थांब, चहा किती पडला ते बघू."

आणि उकळता चहा त्यांनी थंडगार पेल्यात ओतला. सोळा मिलिमीटर चहा भरला. सतरावा भरायच्या आत पेल्याने टक् असा आवाज केला आणि तो उभाच्या उभा दोन फाकांत वेगळा झाला.

आई आधी हसली. मग झाडू घेऊन आली.

"आता बाबांना सांगून टाक."

"बाबा काय करतील?"

"काय करणार? त्यांनी जन्मात कधी डास मारला नाही."

"तेच ना. मारलं तर बरं. ते गप्प बसतात."

आईला हे पटलं असावं. तिने काचा कागदात गुंडाळल्या, कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी घातल्या आणि म्हणाली, "मी आपणहून सांगणार नाही. पण तू सांग हं." तू सांग, यात ‘आज’ नव्हतं. चिरंजीवांनी ती सवलत धरून ठेवली.

मागच्या खोलीतल्या कपाटात, भुशाच्या खोक्यात, आणखी एक पेला होता. तसाच उंच, तसाच जाड. पहिल्या पेल्यावर काठाशी वीसचा आकडा होता, याच्यावर दहाचा. चिरंजीवांनी दोन्ही आकडे पाहिले, आणि आकडे पाहून त्यांना शाळेत जे वाटायचं तेच वाटलं, म्हणजे काहीच नाही. काच ती काच. बाबा घरी आले, पोटावर हात धरून सावकाश कुंपणापर्यंत गेले आणि पेला उचलून म्हणाले, "हा कुठला?"

"खात्याकडून आला. नव्या पद्धतीचा. जुना ते घेऊन गेले."

हवामान खात्यावर बाबांचा असा विश्वास, की खात्याने उद्या ‘सूर्य रद्द’ असं परिपत्रक काढलं असतं तर ते कंदील पुसायला बसले असते. त्यांनी पेला उजेडात धरला. "वा! रेघा बघ केवढ्या लांब लांब आहेत. वय झालेल्या डोळ्यांचा विचार केलाय कुणीतरी." आणि त्यांनी त्या कुणीतरीला मनापासून दुवा दिला.

तो कुणीतरी आत जाऊन पाणी प्यायला.

गावात बाबांना कुणी नावाने हाक मारत नसे. मिलिमीटर म्हणत. "मिलिमीटर, आज किती?" असं न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारत, आणि ते दशांशासकट सांगत. केंद्र वर्षभरापूर्वीच सुरू झालं होतं आणि त्याचे साहेब, कारकून, शिपाई असे सगळे कर्मचारी म्हणजे ते एकटे. कुंपणाला लागून खात्याचं दोन खोल्यांचं घर. पगार बेताचा, काम नाकासमोरचं. पण त्या कामाच्या पलीकडे त्यांना एक वेड होतं, ते म्हणजे हवामानाची घराणी.

"सगळ्या जगाची हवा पाच घराण्यांत वाटलेली आहे," हे वाक्य ज्याने बाबांच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस गावात नव्हता. इंग्रजी बाराखडीची पहिली पाच अक्षरं, ए पासून ई पर्यंत. पहिलं घराणं बारमाही उष्ण, थंडी म्हणजे काय हे ठाऊक नसलेलं. दुसरं कोरडं. तिसरं मध्यम, ज्याचा हिवाळा येतो पण जीव घेत नाही. चौथ्यात बर्फ महिनोनमहिने मुक्कामाला. पाचव्यात झाडच उगवत नाही. मग प्रत्येक घराण्याला पोटअक्षरं, पाऊस उन्हाळ्यात की हिवाळ्यात, उन्हाळा कडक की सौम्य. कुणाही पाहुण्याला ते गावाचं नाव विचारत आणि क्षणात त्याची तीन अक्षरं सांगत. ताईला बघायला मुलाकडची माणसं आली तेव्हा सगळ्यांनी मुलाचा पगार विचारला, बाबांनी पर्जन्यमान विचारलं.

माणसांनाही अक्षरं होती. न्हावी ए, बारा महिने एकच तापमान. स्वतःची सासू ई. "सर्वांत गरम महिन्यातही दहा अंशांच्या वर जात नाही," असं ते हळूच म्हणत आणि आई लाटणं उगारे. आई कोण, असं विचारलं की म्हणत, "सी. माणसाने राहावं असं घराणं."

पण त्यांचा खरा जीव दुसऱ्या घराण्यावर. "बाकी चारही नुसत्या तापमानावर ठरतात. कोरडं तसं नाही. त्यात किती पडलं हे बघायचंच, पण ऊन त्यातलं किती पिऊन टाकतं हेही बघायचं. मिळकतीपेक्षा तहान मोठी, ते कोरडं." त्याचा हिशेबही असे. वर्षाचं सरासरी तापमान गुणिले वीस, आणि पाऊस वर्षभर विखुरलेला असेल तर अधिक एकशेचाळीस. गावाचं सरासरी तापमान बावीस. म्हणजे पाचशे ऐंशी. पाऊस याच्या वर गेला तर गाव तिसऱ्या घराण्यात, खाली राहिला तर दुसऱ्यात. पहिल्या वर्षी पाऊस झाला होता सातशे नव्वद. दुसऱ्या वर्षी, म्हणजे चहानंतर, चारशेच्या आत.

"यंदा रुसला," बाबा म्हणाले.

तिसऱ्या वर्षीही रुसला. चौथ्या वर्षी बाबा रुसवा म्हणेनासे झाले, "मूळ स्वभाव दिसतोय" म्हणू लागले.

आईचा या शास्त्राशी संबंध फक्त वाळत घातलेल्या कपड्यांपुरता. अंगणात दोरीखाली तिचा एक सरळ काठाचा पत्र्याचा डबा असायचा. पाऊस थांबला की त्यात बोटं आडवी धरून ती किती चढलं ते बघायची आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्याशेजारी, लिहून ठेवायची. एक बोट. दोन बोटं. कपडे किती दिवस वाळणार नाहीत याचा तिचा अंदाज म्हणे यावरून चुकत नसे.

"अहो, आज दोन बोटं पाऊस आहे."

"अठरा पूर्णांक दोन मिलिमीटर."

"अठरा मिलिमीटर म्हणजे एकच बोट झालं की."

"बोट हे शास्त्रात नसतं."

"डब्यात असतं ना."

"डबा कौलांच्या पागोळ्या पितो गं. म्हणून मापक उघड्यावर ठेवतात."

यावर ती डबा उचलून अंगणाच्या अगदी मधोमध ठेवून आली, पुढच्या तशाच पावसात तिथेही दोन बोटंच भरली, आणि बाबा पोट धरून हसले. वर्षानुवर्षं त्यांची ही जुगलबंदी चालली. घरात दोन पाऊस पडत, एक आईचा आणि एक खात्याचा. चिरंजीव जेवता जेवता ऐकत आणि दोघांनाही चिडवत. पेल्याचं त्यांच्या डोक्यातही येत नसे. केलेली थाप दहा वर्षांत इतकी छान पचते, की पोटात कधी काही गेलं होतं हेही आठवत नाही.

दहा वर्षं भरली आणि खात्याचं पत्र आलं. पक्क्या वर्गवारीला तीस वर्षांच्या नोंदी लागतात, पण दहांवर तात्पुरती मिळते. दहा वर्षांची सरासरी चारशे चौतीस मिलिमीटर. वर्ग बी-एस-एच, कोरडं, गवताळ, उष्ण. खाली शिक्का. बाबांनी त्या पत्राच्या सहा झेरॉक्स काढल्या, अर्थात चिरंजीवांच्या दुकानात. ते तोवर झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले होते. एक प्रत भिंतीवर लागली, एक खिशात राहिली. न्हावी म्हणाला, "मिलिमीटर, गावाला डिग्री मिळाली म्हणायची." बाबांनी त्याला चहा पाजला.

जिच्यावर ते पत्र लागलं ती भिंत त्याच वर्षी खालून काळी पडू लागली.

आधी टाचेएवढी, मग गुडघ्याएवढी. आतल्या खोलीत कुबट वास यायचा, पुस्तकांच्या पाठी पांढऱ्या व्हायच्या. बाबांनी प्लंबरला तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा तो हत्यारांची पिशवी न उघडताच म्हणाला, "साहेब, पाइप ठणठणीत आहे. भिंत वरून पिते."

"वर आहे काय प्यायला? कोरड्या घराण्यातलं गाव आहे हे."

"ते तुम्ही भिंतीला सांगा," प्लंबर म्हणाला आणि निघून गेला.

आईचा खोकला त्या भिंतीबरोबर वर चढला. आधी पहाटेचा, मग दिवसभराचा. देवळाच्या पायऱ्या चढताना ती मधल्या पायरीवर थांबून बांगड्या मागेपुढे करायची, म्हणजे थांबली असं वाटू नये. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, घाईचे, बाहेर चाळीस माणसं बसलेली. त्यांनी छाती ऐकली, फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "ओल बाधतेय यांना. औषध देतो, पण औषध अर्धंच काम करतं. कोरड्या हवेत ठेवा. कुणी आहे का तसं?"

होतं. ताई. तिचं सासर पठारावरच्या गावात. आईचा चेहरा उजळला, कारण तिथे कोरडी हवा होती आणि दोन वर्षांची नातही होती.

"मुलगी आहे," बाबा म्हणाले. "पण डॉक्टरसाहेब, तिचं गावही बी-एस, आपलंही बी-एस. एकच घराणं." आणि त्यांनी खिशातली प्रत काढून टेबलावर उलगडली.

डॉक्टरांनी शिक्का पाहिला. "हे सरकारी आहे?"

"मीच मोजतो. दहा वर्षं. एक दिवस रिकामा नाही."

"मग इथेच ठेवा. प्रवासाची दगदग कशाला?"

खोकला वाढल्यापासून आई ताईकडे जायचं म्हणत होती, घरी तिची बॅग आधीच भरून तयार होती. तिने ती रिकामी केली. आधी साड्या काढल्या, मग नातीसाठी विणलेलं टोपडं. "बरंच झालं," ती म्हणाली, "माझ्या कुंड्यांना पाणी कोण घालणार होतं? तुम्ही मोजून घातलं असतं." टोपडं तिने उशीखाली ठेवलं. चिरंजीव दारात उभे होते. त्यांनी बॅग माळ्यावर टाकली आणि वरून म्हणाले, "चला, सासूबाईंच्या हातून जावई सुटले." आई हसली आणि हसता हसता खोकत बसली.

चौदा महिन्यांनी ती गेली. ज्या आठवड्यात गेली त्या आठवड्यात वहीप्रमाणे एकतीस मिलिमीटर पाऊस पडला होता. कॅलेंडर त्या पानावर कोरं होतं.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला कुंपणात होते. लोक म्हणाले, दगड आहे माणूस. चिरंजीवांनी खिडकीतून पाहिलं. बाबा आकडा वाचायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग वहीत लिहिलं. त्या दिवसाची नोंद तेवढी पेन दाबून लिहिलेली आहे, कागदाला मागून हात लावला तर कळते.

त्यानंतर वर्षभराने नवीन तपासनीसबाई आल्या. आधीचे तपासनीस दरवर्षी यायचे, कुंपणाचा रंग बघायचे, बिस्किटं खायचे आणि ‘समाधानकारक’ लिहायचे. या बाई बिस्किटाला नको म्हणाल्या आणि पर्समधून पट्टी काढून नरसाळ्याच्या तोंडावर आडवी ठेवली. मग पेला उचलला, त्याच्या तळाशी कोरलेला बारीक आकडा वाचला, आणि पुन्हा नरसाळं मोजलं.

"हा पेला या नरसाळ्याचा नाही."

"खात्याने पाठवलाय, बाई."

"हा मोठ्या तोंडाच्या नरसाळ्याचा आहे, दुप्पट क्षेत्रफळाच्या. मोठं तोंड दुप्पट पाणी गोळा करतं, म्हणून या पेल्यावर एक मिलिमीटरला दुप्पट जागा सोडलेली असते. तुमचं नरसाळं लहान. त्याचं पाणी यात ओतलंत तर आकडा निम्मा दिसणार."

"निम्मा," बाबा म्हणाले.

"किती वर्षं वापरताय?"

भिंतीला टेकून, ओठ हलवत, ते हिशेब करत होते. आणि चिरंजीव, जे त्या दिवशी नेमके सुट्टीवर होते आणि बाईंसाठी खुर्ची घेऊन आले होते, खुर्ची हातात धरून तसेच उभे राहिले. बाबांचा हिशेब कुठवर पोचला ते त्यांना चेहऱ्यावरून दिसत होतं. चारशे चौतीस आठशेच्या घरात गेला. पाचशे ऐंशीच्या पार पलीकडे. तीन अक्षरं गळून पडली. गाव तिसऱ्या घराण्यात गेलं. आणि मग हिशेब आकड्यांतून निघून आतल्या खोलीत गेला, भिंतीपाशी, माळ्यावरच्या बॅगेपाशी.

"पठारावर किती पडतो?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "तीनशे साठ."

बाईंना यातलं काही कळलं नाही. त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्या निवृत्तीला दोन महिने आहेत, मला ठाऊक आहे. पण खुलासा द्यावा लागेल. पेला कधी बदलला, कुणी बदलला. आठ दिवसांत लिहून ठेवा, मी परत येते."

त्या गेल्यावर बाबा वळले. "मी इस्पितळातून आलो तेव्हा तू म्हणाला होतास, खात्याकडून आला. कोण घेऊन आलं होतं रे?"

आता बोलायचं होतं. शब्द तोंडात तयार होता, चहाएवढा साधा.

"आठवत नाही," चिरंजीव म्हणाले.

मग सुरू झाला तो आठवडा. बाबांनी खात्याच्या सगळ्या जुन्या पत्रांच्या फायली जमिनीवर मांडल्या. पेला पाठवल्याची पोच कुठेतरी असणारच, कारण खातं पोचेशिवाय टाचणीही पाठवत नाही. एकेक कागद उलटायचा, ओठांनी वाचायचा, उजवीकडे ठेवायचा. संपले की पुन्हा पहिल्यापासून. जेवण झाकून राहायचं. चौथ्या दिवशी त्यांनी फायली सोडल्या आणि आईची कॅलेंडरं काढली. ती टाकत नसे, मागच्या बाजूला वाण्याच्या याद्या लिहायला ठेवी. एका हाताला वही, एका हाताला कॅलेंडर. वहीत अठरा, कॅलेंडरवर दोन बोटं. वहीत नऊ, कॅलेंडरवर एक बोट. वहीत सत्तावीस, कॅलेंडरवर तीन बोटं. त्यांनी स्वतःचं बोट पट्टीवर आडवं ठेवून पाहिलं. मग तिचं बोट बारीक होतं हे आठवून पट्टी खाली ठेवली.

"बरोबर होतं तिचं," ते म्हणाले. "सगळंच्या सगळं बरोबर होतं. आणि मी हसायचो."

चिरंजीव दुकानात जात, दुसऱ्यांचे कागद काचेवर पालथे ठेवत, दुसऱ्यांच्या कागदांच्या हुबेहूब प्रती काढत. रोज निघताना ठरवत, आज सांगायचं. रोज परत येताना बाबा फायलींत बसलेले दिसत, आणि आज नको, आज फार थकलेत, असं वाटे. दुसऱ्याच्या थकव्याची इतकी काळजी माणूस स्वतःला वाचवतानाच घेतो.

आठव्या दिवशी सकाळी सव्वाआठला बाबांनी खुलासा लिहून त्यांच्यापुढे ठेवला. "अक्षर बघ जरा, वाचता येतंय का." चिरंजीवांनी वाचलं. ‘पेला केव्हा व कसा बदलला गेला याची नोंद आढळत नाही. निष्काळजीपणा संपूर्णपणे माझा आहे. माझ्या चुकीच्या नोंदींवर अवलंबून ज्या कुणी निर्णय घेतले असतील त्यांची मी क्षमा मागतो.’

ज्या कुणी. चिरंजीवांना त्या दोन शब्दांच्या पुढे वाचता येईना.

"बाबा, पेला मी फोडला."

बाबांनी चष्मा काढला.

"तुम्ही इस्पितळात होतात. मी त्यात चहा ओतला. गरम. कपाटातला दुसरा आणून ठेवला. खात्याकडून कुणी आलं नव्हतं."

बाबा गप्प बसले. सतराव्या वर्षी ज्या गप्प बसण्याला चिरंजीव घाबरले होते तेच हे. त्या वेळी कदाचित दोन दिवस टिकलं असतं, आणि मग पोस्टाने नवा पेला आला असता.

"चहा कशाला ओतलास?"

"आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, आज किती पडला."

"म्हणजे ती होती तिथे."

"तिनेच काचा भरल्या. तुम्हाला सांग म्हणाली मला. मी नाही सांगितलं."

"म्हणजे पेला फुटला हे तिला ठाऊक होतं. आणि डब्यात दुप्पट पाणी दिसत होतं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "दोन्ही तिच्याजवळ होतं रे. ते फक्त एकत्र करायचं राहिलं. ते करायचं काम तिचं नव्हतं."

"माझं होतं."

"तुझं सांगायचं होतं. जुळतं का ते बघायचं माझं होतं. नरसाळ्याला पट्टी लावायला किती वेळ लागतो? बाईंना एक मिनिट लागलं. मला अकरा वर्षं."

"खुलाशात माझं नाव घाला. मी सही करतो."

"तुझ्या नावाला त्यात रकाना नाही."

"मग रकाना काढा! मी सांगितलं असतं तर आई ताईकडे गेली असती!"

हे मोठ्याने बोललं गेलं. घड्याळ साडेआठ दाखवत होतं, आणि बाबा उठले, कारण साडेआठ वाजले होते. बाहेर पाऊस लागला होता. ते तसेच भिजत कुंपणात गेले, नरसाळं उचललं. बाईंनी पाठवलेला योग्य मापाचा पेला कालच आला होता. त्यात दोन खेपांत पाणी ओतलं, दोन्हीदा डोळा पातळीला आणला. "चाळीस," ते बाहेरूनच म्हणाले. मग परत येऊन खुलासा घडी करून पाकिटात घातला, होता तसाच, आणि चप्पल घातली.

"कुठे निघालात?"

"डॉक्टरांकडे. मी त्यांना खोटी माहिती दिली. ती मागे घ्यायला हवी."

"मीही येतो."

"ये. पण बोलायचं मी."

दोघे भिजत पायऱ्या चढले. बाहेर नेहमीची माणसं बसलेली. दीड तास पायरीवर भिजत उभे राहून आत गेले. डॉक्टरांना बाबा आठवले नाहीत. आईही आठवली नाही. फाइल काढली तेव्हा थोडंसं आठवलं. बाबांनी सगळं उभ्यानेच सांगितलं, पेला, नरसाळं, निम्मा आकडा, तीन अक्षरं. चहा तेवढा सांगितला नाही. डॉक्टर ऐकता ऐकता लिहायचे थांबले.

"ती मुलीकडे गेली असती," बाबांनी विचारलं, "तर राहिली असती का?"

डॉक्टरांनी फाइल बंद केली, पुन्हा उघडली. त्यांना खोटं बोलायचं होतं हे चिरंजीवांना स्पष्ट दिसलं, कारण त्या विषयातला स्वतःचा अनुभव दांडगा. पण समोरच्या माणसाने उभ्या जन्मात दशांश सोडला नव्हता, आणि ते डॉक्टरांनाही दिसलं असावं.

"काही काळ राहिली असती. वर्ष, दीड वर्ष. जास्तही कदाचित. आकडा नाही देता येणार मला."

"नको. आकडा नको," बाबा म्हणाले. आणि मग, "नात तेवढ्यात बोलायला लागली असती."

"मीही विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "घर कसं आहे, भिंती कशा आहेत. मी कागद बघितला."

बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, कळलं नाही. दारापर्यंत गेल्यावर त्यांचे पाय थांबले, आणि ते चौकटीला हात लावून, कुणाकडे न बघता, रडले. आवाज न करता, खांदे न हलवता. पाऊस आधीच एवढा निथळत होता की बाहेरच्या माणसांना वेगळं काही दिसलंही नसेल. चिरंजीवांनी त्यांच्या दंडाला धरलं. बाबांनी हात झटकला नाही. धरलाही नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठून आले आणि कोपऱ्यातली स्वतःची काळी छत्री त्यांनी चिरंजीवांच्या हातात कोंबली. "घेऊन जा. आणून द्या सवडीने."

घरी जाताना छत्री दोघांना पुरत नव्हती. चिरंजीव ती बाबांवर धरत होते आणि बाबा सरळ चालत होते, मधूनच छत्रीच्या बाहेर, मधूनच आत. अर्ध्या वाटेत ते एकच वाक्य बोलले. "ताईला काय सांगायचं ते मला ठरवू दे."

खुलासा गेला. नोंदी दुरुस्त झाल्या, गावाची अक्षरं बदलली, सी-एफ-ए. माणसाने राहावं असं घराणं. बाबांनी नवं पत्र भिंतीवर लावलं नाही. दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले आणि बाप-लेक नदीपलीकडच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेले. दोघं एकमेकांशी नीट बोलतात. जेवलास का, दिवा बंद कर, दूध उतू जाईल. ताईचा फोन आला की बाबा हवा सांगतात.

डॉक्टरांची छत्री दाराशी खुंटीला आहे. दवाखाना चिरंजीवांच्या दुकानाच्या वाटेवर, चार दुकानं अलीकडे. रोज निघताना ते ती खुंटीवरून काढतात, कोपऱ्यापर्यंत नेतात, त्या पायऱ्या दिसल्या की पलीकडच्या फुटपाथवर जातात, आणि संध्याकाळी परत आणून लावतात. परवा डॉक्टर स्वतःच भिजत रस्ता ओलांडताना दिसले. चिरंजीव छत्री उघडून, खाली मान घालून, पुढे निघून गेले.